घामाचा हिशेब

आमच्या मनवेलपाड्याच्या तळ्याकाठी संध्याकाळी निवृत्त मंडळींचा अड्डा जमतो. कोणी गिरणीतून सुटलेला, कोणी बेस्टमधून, मी बँकेतून. गेल्या जूनमध्ये तिथे एक घरगुती प्रश्न येऊन पडला. आमच्यातल्या एका आजोबांच्या नातीने बारावीनंतर हॉटेल व्यवस्थापनाला जायचे ठरवले होते. अभ्यासक्रम नव्या पद्धतीचा. काही दिवस कॉलेजात बसायचे, काही दिवस प्रत्यक्ष हॉटेलात उमेदवारी करायची. कामाचे विद्यावेतन घ्यायचे आणि तीन वर्षांनी पदवी पदरात पाडून घ्यायची. आजोबा संतापले होते. पाटण तालुक्यातले घर सोडून आपण मुंबईत आलो, गिरणीत राबलो, गिरणी बंद पडली तसे विरारला येऊन राहिलो, ते काय नातीने लोकांची खरकटी ताटे उचलावीत म्हणून, असा त्यांचा सवाल होता.

अड्ड्यावर नेहमीप्रमाणे दोन तट पडले. मी गप्प होतो. आजोबा सातारा जिल्ह्यातले, त्यामुळे मला एकसारखी त्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची आठवण होत होती. दाढी वाढलेली, अंगावर घोंगडी, हातात काठी आणि पाय अनवाणी. कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी, एका जैन शेतकरी घराण्यात झाला. वडील महसूल खात्यात कारकून. मुलगा अंगापिंडाने दांडगा, तालमीचा षौकीन आणि अभ्यासात बेताचा. कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना तो अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेला. परत आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला त्याने साफ नकार दिला आणि बोर्डिंगला कायमचा मुकला. त्याला आसरा दिला तो शाहू महाराजांनी. मॅट्रिकच्या अलीकडेच त्याचे शिक्षण थांबले. ज्याने पुढे हजारोंना पदवीपर्यंत नेले, तो स्वतः मॅट्रिकही झाला नव्हता, हे आपण सहसा विसरतो.

पुढची काही वर्षे पोटामागे धावण्यात गेली. साताऱ्यात शिकवण्या केल्या. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरातल्या डांबर प्रकरणात खोटी साक्ष द्यायला नकार दिला म्हणून तुरुंग भोगला. मग किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते होऊन ते गावोगाव हिंडले. माझ्या मते भाऊरावांचे खरे कॉलेज हेच. नांगर विकायला गेलेला माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो, त्याच्याबरोबर भाकरी खातो आणि त्याच्या घरातले पोर शाळेत का जात नाही हेही डोळ्यांनी पाहतो. पोराला बुद्धी असते, हौसही असते. पण शाळा तालुक्याच्या गावी, तिथे राहायचे कुठे आणि खायचे काय? शिक्षण अडत होते ते फळ्यापाशी नव्हे, चुलीपाशी.

म्हणून ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, तेव्हा तिचा आरंभ वसतिगृहापासून झाला. १९२४ साली संस्थेने साताऱ्याला बिऱ्हाड हलवले. तिथल्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. दळण-कांडण, पाणी भरणे, स्वयंपाक, भांडी ही कामे मुलेच पाळीपाळीने करीत. ज्या काळात कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावरून गावे फुटत होती, त्या काळात वेगवेगळ्या जातींच्या पोरांनी एकाच काटवटीत पीठ मळावे, ही लहान गोष्ट नव्हती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

या स्वयंपाकघराची खरी धनीण होती लक्ष्मीबाई, भाऊरावांची पत्नी. सधन माहेरची, सोन्यानाण्याने मढून आलेली. मुलांच्या पोटासाठी एकेक दागिना गेला. एकदा कोठीत काहीच उरले नाही, मुले उपाशी राहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र विकून धान्य आणले. १९३० साली त्या गेल्या.

बँकेत काही वर्षे मी सोनेतारणाच्या टेबलावर होतो. मंगळसूत्र घेऊन येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पदराआड हात, खाली घातलेली मान, आणि पावती घेताना हमखास विचारलेला प्रश्न की कधीपर्यंत सोडवता येईल. त्यातल्या कितीतरी जणींना मुलाची फी भरायची असायची. लक्ष्मीबाईंनी गहाण ठेवले नाही, विकले. परत मिळण्याची आशा ठेवली नाही आणि ज्यांच्यासाठी विकले ती मुले पोटची नव्हती. माझ्या नोकरीच्या कोणत्याही खातेवहीत हा व्यवहार बसला नसता.

पण केवळ त्यागावर संस्था चालत नाही, हे भाऊराव जाणून होते. दागिने संपतात, देणगीदार कंटाळतात. गरिबाच्या पोराजवळ न संपणारी एकच ठेव असते, ती म्हणजे त्याचे दोन हात. या ठेवीवर त्यांनी आपली योजना उभारली: कमवा आणि शिका. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. दोन्हीकडे मुलांनी शेती करायची, दगड फोडायचे, रस्ते आणि इमारती बांधायच्या. त्या बदल्यात राहणे, जेवण आणि शिक्षण. हातांना फोड आलेली मुले वर्गात बसून इंग्रजी कविता आणि बीजगणित शिकत होती.

याला कोणी मुलांकडून काम करून घेणे म्हणेल. तसे म्हणणारे तेव्हाही होते. परंतु भाऊरावांच्या योजनेत एक गोम होती आणि बँकेत हयात घालवल्यामुळे मला ती विशेष जाणवते. तिथे घाम कोणाच्या खाती जमा होतो, याचा हिशेब चोख होता. मुलाने पिकवलेले धान्य त्याच्याच ताटात येई. त्याने बांधलेल्या भिंतीत पुढच्या वर्षी त्याचाच धाकटा भाऊ शिकायला येई. मधे नफा खाणारा कोणी नव्हता. आणि दुसरे म्हणजे काम हे शिक्षणाचे भाडे होते, शिक्षणाची जागा घेणारे नव्हते. श्रम केले म्हणून परीक्षेत सूट नव्हती. त्याच वसतिगृहातून पी. जी. पाटील यांच्यासारखा विद्यार्थी विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

१९४८ साली सरकारी अनुदान काही काळ बंद पडले, तेव्हाही हा डोलारा कोसळला नाही, कारण त्याचे खांब गावोगावच्या घरांत रोवलेले होते. रोजच्या दळणातून बायका मूठभर धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढून ठेवत. भाऊरावांना १९५९ साली पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. आज त्यांच्या संस्थेच्या शेकडो शाळा आहेत आणि पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना त्यांच्याच नावाने चालते.

हॉटेल आणि शाळा यांची गाठ मुंबईत फार पूर्वी पडली होती. उडुपी हॉटेलांत दिवसभर कपबशा विसळणारी पोरे कानडी रात्रशाळांत पाढे घोकत. मात्र हॉटेलाला शाळेशी आणि शाळेला हॉटेलाशी काही देणेघेणे नव्हते; पोर मधल्या मधे पेंगत असे. १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत केटरिंगचे शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आज दादरला आहे, आणि पाककला हा कॉलेजात शिकायचा विषय झाला. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीतच उमेदवारी गुंफण्याची मुभा दिली. म्हणजे आजोबांच्या नातीपुढे आलेला कागद काही आकाशातून पडलेला नव्हता.

तरीही आजोबांची भीती खोटी नव्हती. उमेदवारीच्या नावाखाली स्वस्तातला नोकर मिळवणारे मालक असतात आणि त्याकडे काणाडोळा करणारी कॉलेजेही असतात. म्हणून मी नातीला एवढेच सांगितले की भाऊरावांचा हिशेब घेऊन जा. तीन वर्षांत तुला स्वयंपाकघर, खोल्यांची व्यवस्था, पाहुण्यांचे स्वागत आणि जमाखर्च असे सगळे विभाग फिरवणार, की एकाच मोरीपाशी उभे करणार? वर्गाचे दिवस करारात लिहिले आहेत, की गर्दी वाढली की तेच आधी कापले जाणार? विद्यावेतन किती, आणि ते थेट तुझ्या खात्यात येणार ना? उत्तरे लेखी माग. ताट उचलण्यात कमीपणा नाही. ते उचलून तू काय शिकलीस याची नोंद कुठेच नसेल, तर मात्र आहे.

तिने विचारले. एका ठिकाणी धड उत्तर मिळाले नाही, ते तिने सोडले. दुसरीकडे मिळाले, तिथे ती दाखल झाली.

आजोबा काही दिवस घुम्यासारखे होते. मग एका संध्याकाळी तळ्याच्या कट्ट्यावर त्यांनी आपणहून एक आठवण काढली. ते सात-आठ वर्षांचे असताना त्यांची आई दळायला बसण्याआधी जोंधळ्याची एक मूठ कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकायची. ती मूठ कोणासाठी, असे त्यांनी विचारले होते, आणि आईने पाटलांच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी असे सांगितले होते. घरात तेव्हा दोन वेळचे पुरे पडत नव्हते. इतकी वर्षे ही गोष्ट त्यांच्या ध्यानातही नव्हती.

नातीची सकाळची पाळी असली की अंधारातच विरारची लोकल गाठावी लागते. त्या दिवशी आजोबा तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत जातात. इस्त्री केलेल्या गणवेशाची पिशवी हल्ली त्यांच्याच हातात असते.