बाळू पालवणकर

पुण्यास साहेब लोकांचा एक क्लब होता. त्याच्या मैदानावर रूळ फिरवणे, सरावाची जाळी बांधणे, टेनिसच्या रेषा आखणे अशा कामांसाठी १८९२ च्या सुमारास एक मुलगा नोकरीस राहिला. पगार दरमहा चार रुपये. त्याचे नाव बाळू. धारवाड येथे १८७६ साली एका चर्मकार कुटुंबात तो जन्मला होता; वडील लष्करात नोकरीस होते.

साहेबांना फलंदाजीची हौस दांडगी. गोलंदाजीचे कष्ट मात्र नकोत. ते बाळूच्या वाट्यास येत. ग्रेग या नामांकित फलंदाजापुढे तो तासन् तास चेंडू टाकी. त्यातूनच त्याचा डावा हात तयार झाला. बॅट मात्र तेथे कोणीही त्याच्या हाती दिली नाही.

पुढे पुण्यातील हिंदू संघास साहेबांना हरवायचे होते, म्हणून बाळू यांना संघात घेणे भाग पडले. त्यांनी टाकलेला चेंडू सारे खेळाडू हाताळीत. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या पेल्यातून मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता!

मुंबईस १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा बाळूंनी आठ बळी घेतले. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने निम्म्याहून अधिक सामने गमावले. पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळवले.

एवढा अनुभवी खेळाडू संघात असताना कर्णधारपद वर्षानुवर्षे इतरांकडेच जाई. कारण उघड होते, जात. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना वगळण्यात आले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. लोकमत खवळले. अखेर बाळू उपकर्णधार झाले. अंतिम सामन्यात कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली.

पूर्ण कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२३ साली ते विठ्ठल यांना मिळाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना नमवले. बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन पावले.