पट्टमहिषी शांतलादेवी : आख्यायिका आणि शिलालेख

होयसळ नरेश विष्णुवर्धन यांच्या पट्टमहिषी शांतलादेवी यांचे नाव कर्नाटकाच्या इतिहासात जितके गौरवाचे, तितकेच वादाचे ठरले आहे. त्यांचे पिता मारसिंगय्य शिवभक्त, तर माता माचिकब्बे जिनभक्त होत्या. रामानुजाचार्यांच्या प्रभावाने महाराजांनी वैष्णव मत स्वीकारले, असे परंपरा सांगते. राणींनी मात्र मातेकडून लाभलेला जैन धर्म सोडला नाही. तरीही बेलूर येथे इ. स. १११७ मध्ये महाराजांनी चेन्नकेशव मंदिर उभारले, तेव्हा त्याच प्रांगणात राणींनी कप्पे चेन्निगराय मंदिर बांधविले.

उद्धट सवतींना मदोन्मत्त हत्तीप्रमाणे असणारी, अशा अर्थाचे त्यांचे बिरुद होते. त्यावरून त्यांना गर्विष्ठ म्हटले गेले. परंतु त्याच बिरुदाची सवतीगंधवारण बसदी त्यांनी इ. स. ११२३ मध्ये श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर बांधून भगवान शांतिनाथांची प्रतिष्ठापना केली. गुरू प्रभाचंद्र सिद्धांतदेवांना बसदीसाठी गाव दान दिले.

इ. स. ११३१ मध्ये शिवगंगे येथे त्यांचा देहान्त झाला. पुत्र नसल्याच्या दुःखाने त्यांनी आत्मघात केला, ही कथा पुढे लोकप्रिय झाली. शिलालेखात मात्र तेथे त्यांना सद्गती लाभली, एवढाच उल्लेख आहे. कन्येमागोमाग माचिकब्बे यांनी श्रवणबेळगोळ येथे महिनाभर उपवास करून सल्लेखना साधली, हेही शिलालेखात कोरलेले आहे.

ज्या श्राविकेने धर्म सांभाळून पतीच्या देवाचाही मान राखला, तिच्या स्मृतीला ऐकीव कथेचा डाग लागू नये. चंद्रगिरी चढणाऱ्या यात्रेकरूंनी त्या बसदीपुढे क्षणभर थांबून या पुण्यशील राणीचे स्मरण अवश्य करावे.