संत गाडगेबाबा आणि अंगातला देव

संत गाडगेबाबा यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. आईचे नाव सखूबाई.

त्या काळी कोणी आजारी पडले की भूत लागले, देव कोपला असे लोक समजत. मग ज्याच्या अंगात येई तो मागेल ते द्यायचे. बकरे कापायचे आणि दारू प्यायची अशी रीतच होती. डेबूचे वडील दारूपायी वारले. डेबू तेव्हा लहान होता. आई त्याला घेऊन दापुरे गावी मामाकडे गेली. तिथे डेबूने गुरे राखली, शेतात काम केले. त्याला शाळा मिळाली नाही.

मोठेपणी त्यांच्या मुलीचे बारसे होते. भावकीत दारू-मटणाचे जेवण द्यायची पद्धत होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. ही हिंमत मला फार आवडली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. म्हणून त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ते दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेत. नवसाला कोंबडी-बकरी मारू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा, असे ते सांगत. देवाचे नाव ते रोज घेत, पण देवाच्या नावाने गरिबाला लुबाडलेले त्यांना चालत नसे.

आमच्या आळीतपण एका बाईच्या अंगात वारं येतं. केस सोडून ती घुमते तेव्हा मला भ्या वाटतं. गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला ताप आला. आजीने मीठ-मिरचीने दृष्ट काढली. त्या बाईने बाहेरची बाधा सांगून कोंबडा मागितला. कोंबडा घरात होता, पण आईने भावाला सरकारी दवाखान्यात नेला. रक्त तपासले तर हिवताप निघाला. गोळ्यांनी तो बरा झाला. आजी अजून देवीला नारळ देते, पण ताप आला की आता आधी दवाखानाच सांगते.

बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी मात्र झोपडीसुद्धा ठेवली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे निधन झाले.

२०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणे हा आता गुन्हा आहे. पावसाळ्यात आपल्याकडे साप निघतात. म्हणून सर्व पालकांना माझी विनंती आहे की साप चावला तर भगताकडे वेळ घालवू नका, आधी दवाखान्यात न्या.

इयत्ता चौथी, जि. प. शाळा, कळंब