विश्लेषण : एका बनावट पत्राने बहमनी राज्य कसे फुटले? महमूद गावानची हत्या का झाली?

बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याचा ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतान तिसरा मुहम्मद याच्या हुकमावरून शिरच्छेद झाला. आरोप होता ओडिशाच्या राजाशी संधान बांधल्याचा. पुरावा एकच, गावानचा शिक्का असलेले पत्र. शिक्का खरा होता, मजकूर बनावट होता. पण सत्तरीतल्या वजिरावर सरदार इतके का उखडले होते? त्याचे उत्तर किल्ल्यांच्या कारभारात सापडते.

गावान कोण होता?

इराणमधील गीलान प्रांतातला गावान १४५३ मध्ये व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरला आणि तिथून राजधानी बिदरला पोहोचला. तेव्हा दरबारात दोन गट होते. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले दखनी आणि इराण, मध्य आशियातून नव्याने आलेले आफाकी. वैर किती टोकाचे होते, हे काही वर्षे आधी चाकणला दिसले होते. दखनी सरदारांनी सुलतानाची दिशाभूल करून तिथल्या किल्ल्यात आसरा घेतलेल्या आफाकींची कत्तल घडवून आणली होती. गावान आफाकी, म्हणजे निम्मा दरबार पहिल्या दिवसापासून विरोधात.

तरीही तो चढत गेला. पाठोपाठ दोन अल्पवयीन सुलतान गादीवर आले, तेव्हा राजमातेसोबत त्याने राज्य सांभाळले. कोकणात खेळणा म्हणजे आजचा विशाळगड घेतला, १४७२ मध्ये गोवा जिंकला. बिदरचा प्रसिद्ध मदरसाही त्याच वर्षीचा.

सरदार का बिथरले?

मराठी, कन्नड आणि तेलुगू मुलखांचे हे राज्य चार तरफांत विभागलेले होते. महसूल, फौज आणि किल्ले तरफदाराच्याच हातात. त्याने मनात आणले तर सुलतान काय करणार? गावानने चार तरफांच्या आठ केल्या. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकी किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार बसवले. काही मुलूख थेट खालशात घेतला. सरदारांचा तनखा वाढवला, पण जितके सैनिक कमी भरतील तितकी रक्कम कापायची. बोगस हजेरीपटाला चापच म्हणा. मोठी पदे त्याने दोन्ही गटांत वाटली होती, पण किल्ला गेलेल्या सरदाराला त्याचे काय?

पत्राचा डाव काय होता?

मलिक हसन निजाम-उल-मुल्क या दखनी सरदाराच्या गटाने गावानचा शिक्का सांभाळणाऱ्याला दारू पाजून कोऱ्या कागदावर ठसा उमटवून घेतला. त्यावर राजद्रोहाचा मजकूर लिहिला. तेव्हा सुलतानाची छावणी आंध्रात कोंडापल्लीला होती. गावानचा विश्वासू यूसुफ आदिल खान दूर मोहिमेवर होता. गावानने शिक्का आपलाच असल्याचे मान्य केले, पत्र नाकारले. सुलतानाने चौकशीच केली नाही.

पुढे काय झाले?

गावानच्या घरात मोठा खजिना मिळेल, असे सुलतानाला वाटले होते. मिळाली किरकोळ रक्कम. चूक कळली तोवर आफाकी सरदार दुरावले होते. वर्षभरात, १४८२ मध्ये सुलतानही मरण पावला. मलिक हसन वजीर झाला आणि काही वर्षांत त्याचाही खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९० मध्ये जुन्नरला स्वतंत्र झाला, तीच अहमदनगरची निजामशाही. विजापूर यूसुफ आदिल खानाने घेतले, वऱ्हाड फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने. जुन्नर आणि विजापूर या दोन्ही तरफा गावानच्याच फेररचनेत तयार झाल्या होत्या.