कॅलरीचे गणित मांडणारे विल्बर ॲटवॉटर

मोबाइलमधल्या ॲपमध्ये रेसिपी भरली की क्षणात कॅलरीचा आकडा दिसतो. हा आकडा येतो कुठून आणि तो चुकतो कुठे, हे समजण्यासाठी विल्बर ऑलिन ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाची ओळख करून घ्यायला हवी.

त्यांचा जन्म ३ मे १८४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील जॉन्सबर्ग येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. मक्यातील रासायनिक घटकांवर संशोधन करून ॲटवॉटर यांनी १८६९ मध्ये येल येथून डॉक्टरेट मिळवली. पुढे जर्मनीत त्यांनी अन्न आणि ऊर्जा यांच्या मोजमापाचे शास्त्र जाणून घेतले आणि कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून काम केले.

१८९० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांच्या मदतीने त्यांनी माणूस राहू शकेल अशी बंद खोली तयार केली. प्रयोगात सहभागी झालेली व्यक्ती तिथे अनेक दिवस खात, झोपत आणि व्यायाम करत असे. आत जाणारे अन्न वजन करूनच दिले जाई. शरीरातून बाहेर पडणारी उष्णता, श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि मल-मूत्र हे सर्व मोजले जाई. मल-मूत्रातून वाया जाणारी ऊर्जा वजा करून त्यांनी सरासरी आकडे ठरवले: १ ग्रॅम प्रथिनांपासून ४, कर्बोदकांपासून ४ आणि स्निग्ध पदार्थांपासून ९ किलोकॅलरी. आजही बहुतेक पाकिटांवरील आणि ॲपमधील कॅलरी याच हिशेबाने काढल्या जातात.

शरीर दारूपासूनही ऊर्जा मिळवते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. दारूबंदीच्या समर्थकांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली, तरी मोजून आलेला निष्कर्ष त्यांनी बदलला नाही. मात्र त्या काळी जीवनसत्त्वांचा शोध लागलेला नव्हता. त्यामुळे फळे आणि पालेभाज्यांचे महत्त्व त्यांनी कमी लेखले. १९०४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९०७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामातून आपण काय घ्यायचे? गुणाकार ॲप करते, वजन मात्र आपल्यालाच करावे लागते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० किलोकॅलरी असतात. शिजून त्याचा अंदाजे ३०० ग्रॅम भात होतो. म्हणजे १५० ग्रॅम भातात सुमारे १७५ किलोकॅलरी असतात. पण तेच वजन कच्च्या तांदळाचे म्हणून नोंदवले, तर आकडा तिप्पट होतो.

म्हणून सर्व जिन्नस कच्चे असतानाच वजन करून नोंदवा. फोडणीचे तेल विसरू नका; १५ मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात जवळपास १२० किलोकॅलरी असतात. पदार्थ शिजल्यावर रिकाम्या भांड्याचे वजन वजा करून एकूण वजन काढा आणि आपल्या वाढणीचे वजन त्याच्याशी ताडून पाहा.

एवढे करूनही आकडा सरासरीच राहतो. उदाहरणार्थ, अख्ख्या बदामातील सर्व ऊर्जा शरीराला मिळत नाही. आकड्यात थोडाफार फरक पडला म्हणून जेवण टाळू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर केवळ ॲपवर विसंबून आहार बदलू नका. आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.