गुलामांच्या जहाजाचा कप्तान ते 'अमेझिंग ग्रेस'चा कवी : जॉन न्यूटनचा अहंकार एका रात्रीत गेला नव्हता

न्यूटन म्हटलं की आपल्याला झाडावरून पडणारं सफरचंद आठवतं. पण ते सफरचंदवाले आयझॅक न्यूटन वारले, तेव्हा लंडनमध्ये आणखी एक न्यूटन होता. वय दोन वर्षांहूनही कमी. त्याचं नाव जॉन न्यूटन.

हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण त्याचं गाणं नक्की कानावरून गेलं असेल. २०१५ मध्ये अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात एका चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय भाविकांची हत्या झाली. त्यातल्या पाळकांच्या अंत्यविधीला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा भाषण करता करता थांबले आणि गाऊ लागले. ते गाणं म्हणजे 'अमेझिंग ग्रेस'. लिहिणारा, हाच जॉन न्यूटन.

आणि हा माणूस एके काळी आफ्रिकेतली माणसं साखळदंडात बांधून विकायला नेत होता.

सोशल मीडियावर त्याची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते. गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता, समुद्रात वादळ आलं, देव आठवला, त्याने धंदा सोडला आणि गाणं लिहिलं. गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती तशी घडलेली नाही. खरी गोष्ट जास्त लांब आहे, जास्त लाजिरवाणी आहे आणि म्हणूनच जास्त कामाची आहे.

कुणाचंही न ऐकणारा पोरगा

जॉनचा जन्म १७२५ चा, लंडनच्या वॉपिंग भागातला. वडील व्यापारी जहाजावर कप्तान, त्यामुळे घरी कमीच असायचे. आई धार्मिक होती. तिने लहानपणीच त्याला बायबल आणि प्रार्थना शिकवली. पण तो सात वर्षांचा होण्याआधीच ती क्षयाने गेली. अकराव्या वर्षी वडिलांनी त्याला सोबत समुद्रावर नेलं.

जॉन हुशार होता, पण वरच्या माणसाचं ऐकायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. १७४४ मध्ये त्याला जबरदस्तीने ब्रिटिश नौदलात भरती केलं गेलं. वडिलांच्या ओळखीमुळे अधिकाऱ्याची जागा मिळाली, तर हा पळून गेला. पकडला गेला. सगळ्यांसमोर पाठीवर फटके बसले आणि साधा खलाशी म्हणून खाली उतरवण्यात आलं. अपमान इतका लागला की कप्तानाला ठार मारावं, असं त्याच्या मनात घोळू लागलं.

पुढे नौदलाने त्याला गुलामांच्या व्यापारातल्या एका जहाजावर देऊन टाकलं. तिथे त्याने नव्या कप्तानाची टिंगल करणारं गाणं रचलं आणि ते सगळ्या खलाशांना शिकवलं.

शेवटी तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे कामाला राहिला. तिथे डाव उलटला. तो तापाने फणफणला, मालकाच्या घरात त्याचे हाल सुरू झाले, उरलंसुरलं अन्न पुढ्यात फेकलं जाऊ लागलं. त्या दिवसांत बेड्या घातलेले गुलाम आपल्या तुटपुंज्या जेवणातला घास लपवून त्याला द्यायचे. हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

वाटेल की एवढ्यावर माणूस बदलेल. तो बदलला नाही.

वादळ आलं, पण...

वडिलांनी ओळखीच्या जहाजांना सांगून ठेवलं होतं. त्यातल्या 'ग्रेहाउंड' नावाच्या जहाजाने त्याला शोधून काढलं. त्या जहाजावरही न्यूटन इतक्या शिव्या द्यायचा आणि देवाधर्माची इतकी टवाळी करायचा की कप्तानसुद्धा वैतागला होता.

१७४८ च्या मार्चमध्ये उत्तर अटलांटिकमध्ये मध्यरात्री जहाज वादळात सापडलं. एक बाजू फुटली, पाणी आत आलं. न्यूटन डेकवर निघाला होता, तेवढ्यात कप्तानाने त्याला सुरी आणायला पाठवलं. त्याच्या जागी जो वर गेला, तो लाटेने वाहून गेला. पुढचे कित्येक तास न्यूटन पंपाला दोरीने बांधून घेऊन पाणी उपसत होता. मग सुमारे अकरा तास सुकाणूवर उभा राहिला. जहाजात मेण आणि हलकं लाकूड भरलेलं होतं, म्हणून ते तरंगत राहिलं.

त्या वादळात अनेक वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडून देवाच्या दयेसाठी याचना निघाली. सुमारे चार आठवड्यांनी जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. वादळाचा दिवस न्यूटनने आयुष्यभर पाळला. शिव्या सुटल्या, प्रार्थना सुरू झाली.

आणि गुलामांचा धंदा? तो तसाच चालू राहिला.

जहाजावरचा छोटा राजा

वादळानंतर काही महिन्यांतच तो 'ब्राउनलो' नावाच्या गुलामांच्या जहाजावर कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी म्हणून निघाला. त्या जहाजाने आफ्रिकेचा किनारा सोडला तेव्हा त्यात २१८ गुलाम होते. वाटेत त्यांतले ६२ मेले. जहाज कुठे चाललं होतं? दक्षिण कॅरोलिनाला. तेच राज्य, जिथे २०१५ मध्ये ओबामांनी त्याचं गाणं गायलं.

१७५० मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो स्वतः कप्तान झाला. १७५४ पर्यंत त्याने अशा तीन सफरी केल्या. याच काळात तो रोज बायबल वाचायचा, रविवारी खलाशांसाठी उपासना घ्यायचा आणि बायको मेरीला प्रेमाने भरलेली पत्रं लिहायचा.

त्यातल्या एका पत्रात त्याने आपल्या अधिकाराचं वर्णन केलं आहे. जहाजावर त्याचा शब्द म्हणजे कायदा. तो ये म्हणाला की माणूस येतो, जा म्हणाला की जातो. तो जेवायला बसेपर्यंत कुणी जेवत नाही. दुसऱ्या जहाजावर गेला, तर मध्यरात्र उलटली तरी तो परत येईपर्यंत कुणी झोपत नाही. हे त्याने थोडं गमतीने लिहिलं आहे, पण त्यातली चव लपत नाही. ज्या पोराला कुणाचा हुकूम सहन होत नव्हता, त्याला आता हुकूम सोडायला फार आवडत होतं.

आणि हुकूम नुसता खलाशांवर नव्हता. गुलाम बंड करणार असा संशय आला, तेव्हा त्याने काही मुलांचे अंगठे लोखंडी स्क्रूमध्ये चेपून त्यांच्याकडून कबुली काढली. जहाजाच्या रोजनिशीत त्याने हे अगदी हिशेबासारखं नोंदवलं आहे.

विचार करा, वरच्या मजल्यावर प्रार्थना आणि खाली साखळदंड. त्याला हे विसंगत का वाटलं नाही? एक कारण असं की त्या काळात इंग्लंडमध्ये हा प्रतिष्ठित धंदा होता आणि चर्चमधलेही फार थोडे लोक त्याला पाप म्हणत होते. दुसरं कारण त्याच्या आतलं होतं. त्याने देवाला आपल्या वाईट सवयी दिल्या होत्या, पण आपली सत्ता दिली नव्हती.

धंदा सुटला, तोही आजारपणामुळे

१७५४ च्या शेवटी पुढच्या सफरीच्या तोंडावर त्याला अचानक झटका आला आणि तो कोसळला. समुद्रावरची नोकरी सुटली. म्हणजे धंदा सोडला तो तब्येतीने, सदसद्विवेकाने नव्हे.

लिव्हरपूलला त्याला बंदरातल्या जहाजांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. तिथे त्याने ग्रीक आणि हिब्रू शिकायला घेतलं. चर्चचा पाळक व्हायचं ठरवलं, तर अनेक वर्षं नकार मिळत राहिला. अखेर १७६४ मध्ये ओल्नी नावाच्या छोट्या गावात त्याची नेमणूक झाली. गाव गरीब. घरोघरी लेस विणून पोट भरणारी माणसं.

जहाजावर लोक त्याच्यासाठी ताटकळायचे. इथे तो लोकांच्या दारी जायचा. मुलांना गोळा करून शिकवायचा, आजाऱ्यांजवळ बसायचा. कवी विल्यम कूपर त्याचा शेजारी आणि मित्र होता. कूपरला नैराश्याचा भयंकर झटका आला, तेव्हा न्यूटनने त्याला वर्षाहून जास्त काळ स्वतःच्या घरात सांभाळलं.

'अमेझिंग ग्रेस' याच गावातलं. १७७३ च्या पहिल्या दिवशीच्या प्रवचनासाठी त्याने ते लिहिलं. 'ग्रेस' म्हणजे कृपा. ख्रिस्ती श्रद्धेत कृपा म्हणजे आपण कमावलेली नसताना मिळालेली माफी. न्यूटनचा अहंकार इथेच पोखरला गेला. आपण चांगले आहोत म्हणून वाचलो, असं त्याला म्हणता येत नव्हतं. लायकी नसताना वाचलेल्याने दुसऱ्याचा मालक तरी कुठल्या तोंडाने व्हायचं?

पण गंमत बघा, हे गाणं लिहिलं तेव्हाही गुलामगिरीविरुद्ध त्याने जाहीर चकार शब्द काढलेला नव्हता. कृपेचा अर्थ त्याच्या सगळ्या आयुष्यात उतरायला अजून पंधरा वर्षं जायची होती.

चौतीस वर्षांनी कबुली

१७८० पासून तो लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये पाळक होता. १७८५ मध्ये विल्यम विल्बरफोर्स नावाचा तरुण खासदार त्याला गुपचूप भेटायला आला. धर्मासाठी राजकारण सोडावं का, असा त्याच्यापुढे प्रश्न होता. न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं. हाच विल्बरफोर्स पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या लढ्याचा संसदेतला चेहरा झाला.

१७८८ मध्ये, धंदा सुटल्यावर चौतीस वर्षांनी, न्यूटनने आफ्रिकेतल्या गुलाम-व्यापारावर एक पुस्तिका छापली. वर सांगितलेला २१८ पैकी ६२ मृत्यूंचा आकडा त्याने तिच्यातच, जुनी रोजनिशी समोर ठेवून दिला. माणसं जहाजात फळीवरच्या पुस्तकांसारखी कशी रचली जायची, तेही सांगितलं. आपण यात सामील होतो, आपली कबुली फार उशिरा आली आणि झालेलं नुकसान तिने भरून येणार नाही, हेही त्याने लिहिलं.

तेव्हा तो वयाच्या साठीत असलेला नामवंत धर्मोपदेशक होता. गप्प बसला असता, तर इज्जत शाबूत राहिली असती. त्याने ती पणाला लावली. पुढे सरकारी चौकशीपुढे आणि संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली. या धंद्याच्या बाजूने बोलणारे श्रीमंत व्यापारी होते. त्यांच्यासमोर एक माजी कप्तान उभा राहिल्यावर, हे सगळं खोटं आहे, असं म्हणणं अवघड झालं.

वाद घालण्याआधी

सत्ता गाजवायची हौस फक्त चाबकाने भागत नाही, शब्दांनीही भागते. न्यूटनला हे माहीत होतं. एक पाळक दुसऱ्या पाळकाविरुद्ध लेख लिहिणार होता. न्यूटनने त्याला लांबलचक पत्र पाठवलं. त्याचा आशय असा : लिहिण्याआधी त्या माणसासाठी प्रार्थना कर. वाचणाऱ्यांवर काय परिणाम होईल, ते बघ. आणि स्वतःकडे बघ, कारण वाद जिंकूनही माणूस आपली नम्रता हरवून बसू शकतो.

कमेंटमध्ये कुणाला तरी आडवं करायला आपण टाइप करत असतो, तेव्हा अडीचशे वर्षांपूर्वीचं हे पत्र अजिबात जुनं वाटत नाही.

ब्रिटिश साम्राज्यातला गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा २५ मार्च १८०७ रोजी मंजूर झाला. न्यूटन तेव्हा जवळजवळ आंधळा झाला होता. त्याच वर्षी २१ डिसेंबरला तो गेला. आपल्या स्मृतिशिलेचा मजकूर त्याने आधीच लिहून ठेवला होता. त्यात मोठेपणाची यादी नाही. आपण एके काळी नास्तिक आणि स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचेही चाकर होतो आणि ख्रिस्ताच्या दयेने वाचलो, असं त्याने स्वतःबद्दल सांगितलं. त्या जहाजांतून विकले गेलेले लोक मात्र परत आले नाहीत, हे त्याने शेवटपर्यंत स्वतःला विसरू दिलं नाही.