हिराबाई पेडणेकर

यंदाच्या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. जिजाबाई, अहल्याबाई, सावित्रीबाई आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. म्हणून मी हिराबाई पेडणेकर यांच्याविषयी लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तरी भगिनींनी गोड मानून घ्यावे.

हिराबाईंचा जन्म १८८५ साली सावंतवाडीस कलावंतिणीच्या घराण्यात झाला. मुंबईस त्या शाळेत शिकल्या. गाण्याची तालीम त्यांना भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गुरूकडून मिळाली. अशा घरच्या मुलीने गावे आणि इतरांनी ऐकावे, एवढेच त्या काळी ठरलेले असे. हिराबाईंनी मात्र लेखणी हाती धरली. १९०४ साली, विशीही उलटली नव्हती तेव्हा, त्यांनी 'जयद्रथ विडंबन' हे नाटक लिहिले. त्यांचे 'दामिनी' हे संगीत नाटक १९१२ साली केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. नाटकातील बायकांची कामेसुद्धा तेव्हा पुरुष करीत. अशा वेळी बाईने लिहिलेले नाटक धंदेवाईक मंडळीने करावे, ही लहान गोष्ट नव्हे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, देवल, गडकरी, मामा वरेरकर अशा नाटककारांचा त्यांच्याशी स्नेह होता. हिराबाईंजवळ चालींचा मोठा साठा होता. पदांना त्या चाली सुचवीत. बैठकीत त्यांना मान होता, पण जन्माचा शिक्का काही पुसला गेला नाही. विद्या, गळा, लेखणी सारे असूनही चारचौघींसारखे घर मिळणे त्यांना कठीण झाले. पुढे मुंबई सोडून त्या गुहागरजवळ पालशेत येथे कृष्णाजी नेने यांच्या सोबतीने राहिल्या. तेथे १९५१ साली त्या वारल्या.

पुढे वसंत कानेटकरांनी त्यांच्या जीवनावरून 'कस्तुरीमृग' हे नाटक लिहिले. त्यामुळे हिराबाईंची कहाणी पुष्कळांना कळली, पण त्यांची स्वतःची 'दामिनी' किती जणींनी वाचली असेल? मीही वाचलेली नाही, हे कबूल करते.

आपल्या मंडळातही भजनाला चाल एकजण बसवते आणि टाळ्या साऱ्यांना मिळतात. वहीत पद उतरते, पण चाल कोणी दिली ते लिहायचे राहते. यंदापासून पदाखाली तेवढे नाव आपण लिहीत जावे, अशी माझी नम्र विनंती आहे.